हार्लन ट्वेटनला कर हवा होता

हार्लन ट्वेटनने बहात्तराव्या वर्षी नवी कोरी हायब्रिड गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा हॅल्वर गावात सगळे एवढंच म्हणाले, "बरंय की." मिनेसोटाच्या त्या वायव्य कोपऱ्यात याहून मोठी खळबळ तेव्हाही होत नसे.

गाडीची गरज खरं तर हार्लनला नव्हती, त्याच्या बायकोला होती. आर्डिसची थोरली बहीण व्हर्ना सत्तर मैलांवर फार्गोच्या वृद्धाश्रमात होती आणि आर्डिस दर गुरुवारी तिच्याकडे जाई. हार्लन गाडी चालवी आणि बाहेर गाडीतच बसून राही, कारण बायकांच्या बोलण्यात आपलं काय काम, असं त्याचं म्हणणं. आत आर्डिस बहिणीचे केस धुऊन त्यांना पिना लावून देई आणि केस वाळेपर्यंत गावच्या बातम्या सांगे. कोण गेलं, कोणाला नातू झाला, कोणाच्या गव्हावर गारा पडल्या. व्हर्नाची आठवण तीन-चार वर्षांपासून विरत चालली होती. महिना कुठला ते तिला सांगता येत नसे. पण आर्डिस दारात दिसली की ती म्हणे, "म्हणजे आज गुरुवार." तेवढा एक वार तिच्याकडे शिल्लक राहिला होता.

हीच व्हर्ना चौदा वर्षांची असताना बापाचा दुधाच्या कॅनांचा ट्रक चालवायची. पुढचं दिसावं म्हणून खाली दोन उशा घेऊन बसायची आणि सहा वर्षांच्या आर्डिसला शाळेत सोडून पुढे डेअरीवर जायची. तेव्हा रस्ते मातीचे होते आणि हिवाळे आताच्यासारखे लेचेपेचे नव्हते. ट्रक बर्फात रुतला की व्हर्ना म्हणायची, "रडू नकोस, ढकल." आणि आर्डिस खरंच ढकलायची. आपल्या ढकलण्यानंच ट्रक निघतो, असं तिला तिसरीत जाईपर्यंत वाटत होतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला तीन डॉलरच्या वर गेलं. ट्वेटनांची जुनी आठ सिलिंडरची गाडी पेट्रोल नुसती पीत नव्हती, त्यात आंघोळ करत होती. एका संध्याकाळी जेवताना हार्लन ताटातल्या बटाट्यांकडे बघत म्हणाला, "फार्गोला महिन्यातून एकदा जावं म्हणतो."

"कोणी?"

"आपणच. दर आठवड्याला नाही परवडायचं."

आर्डिसने मिठाची बाटली त्याच्यापुढे सरकवली. हार्लनने मीठ मागितलं नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात अशा सरकवण्याचा अर्थ त्याला कळायला लागला होता.

आठवडाभराने तो ड्युएन शुल्झच्या गाड्यांच्या दुकानात गेला. ड्युएनने सांगितलं की निम्म्या पेट्रोलमध्ये चालणारी हायब्रिड गाडी येते आहे, आणि ती घेणाऱ्याला सरकार करात तीन हजार डॉलरच्या आसपास सवलत देतं. हार्लन घरी आला आणि टोपी काढायच्या आधीच म्हणाला, "सवलत मिळाली तर गाडी. गाडी असली तर तुझा गुरुवार. सवलत नाही मिळाली, तर गाडी विकून टाकायची आणि महिन्यातून एकदा. ठरलं?"

"ठरलं," आर्डिस म्हणाली.

ट्वेटनांच्या घरात ठरलं म्हणजे ठरलं. हार्लनच्या वडिलांनी एकोणीसशे एकोणचाळीस साली एका शेजाऱ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते त्या शेजाऱ्याच्या अंत्यविधीतही पाळलं होतं.

अशा गाड्यांना तेव्हा फार मागणी होती. ड्युएनकडे पाच-सहा नावं नोंदलेली होती आणि त्यांत हार्लन पहिला होता. जुलैअखेर गाडी आली आणि ड्युएनने फोन केला.

"हार्लन, गाडी आली रे तुझी."

"अरे वा. पण मला कुठे एवढी घाई आहे? मर्लिनला रोज तीस मैल जावं लागतं. त्याला दे."

"नक्की?"

"नक्की. त्याला दे."

आता आमच्याकडची रीत अशी, की कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, "बरं, तुमची अडचण होत नसेल तर." कॉफी असो, केक असो, नाही तर कोणी जळत्या घरातून बाहेर काढायला आलेलं असो. चमचा धरायच्या आधी मुलांना हे येतं. हार्लन फोन कानाशी धरून तिसऱ्या विचारण्याची वाट पाहत होता, तेवढ्यात ड्युएनच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि त्याने फोन ठेवला.

मर्लिनने सांगितलं, हार्लन पहिला होता, मग मी कशी घेऊ, बर्निसला विचार. बर्निस म्हणाली की तिची गाडी अजून सात-आठ वर्षं सहज चालेल, फक्त दार दोरीने बांधावं लागतं. असं करत ती चकचकीत गाडी एकेका नावावरून खाली सरकत गेली आणि शेवटच्या नावापाशी पोचली. ते होतं पास्टर रुबेनचं.

पास्टर रुबेन तरुण माणूस. टेक्ससहून आमच्या चर्चमध्ये येऊन त्याला आठ महिने झाले होते. मन फार चांगलं, प्रवचन आटोपशीर, पण टेक्ससचा. ड्युएनने विचारलं, "पास्टर, गाडी हवी का?" आणि पास्टर म्हणाला, "हो, घेतो की. आभारी आहे." पहिल्याच फटक्यात. ड्युएन फोन ठेवल्यावरही जरा वेळ त्याच्याकडे बघत बसला होता म्हणतात. मग त्याने चर्चच्या नावावर कागद केले, कारण पास्टरची गाडी चर्चच्याच मालकीची असते.

त्या रविवारी पास्टर नव्या गाडीतून आला. कोणी वावगं बोललं नाही. बर्निस म्हणाली, "छान आहे हो गाडी." मर्लिन तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वेगळीच आहे." हॅल्वरमध्ये एखाद्या गोष्टीला कोणी वेगळीच म्हणालं, म्हणजे ती त्याला खटकली आहे, हे पास्टरला तोपर्यंत थोडंफार कळायला लागलं होतं. त्याने चौकशी केली तेव्हा समजलं, की या गाडीवर गावातल्या इतक्या लोकांनी पाणी सोडलं आहे आणि त्यांतल्या एकीचं दार दोरीने बांधलेलं आहे. त्याला अन्न गोड लागेना. दहा-बारा दिवसांत त्याने गाडी ड्युएनला परत नेऊन दिली आणि पुन्हा चर्चची जुनी व्हॅन हाकू लागला. त्या व्हॅनमधला हीटर आदल्या पास्टरच्या आधीच्या पास्टरच्या वेळेला बंद पडला होता.

गाडी पुन्हा ड्युएनच्या काचेमागे उभी राहिली. ती पुन्हा हार्लनला विचारायची तर हार्लनला संकोच वाटेल म्हणून ड्युएन विचारेना, आणि ड्युएनला संकोच वाटेल म्हणून हार्लन चौकशी करेना. ऑगस्ट गेला, सप्टेंबर सरत आला. एवढ्यात लव्हॉन क्वामने हार्लनला पोस्टात गाठलं. लव्हॉन वसंतात आपल्या व्हरांड्यात टेबल मांडून गावातल्या निम्म्या लोकांचे कराचे कागद करून देई.

"गाडी घेणार आहेस ना तू? मग महिनाअखेरच्या आत घे. त्या कंपनीच्या गाड्या सरकारने ठरवलेल्या आकड्याबाहेर खपल्या. एक तारखेपासून सवलत निम्मी होणार."

हार्लन आयुष्यात प्रथमच घाईने ड्युएनच्या दुकानात शिरला.

"घेतो," तो म्हणाला.

"घे ना. पास्टरने थोडे दिवस फिरवली आहे, दोनशे कमी करतो."

"नको नको."

"अरे घे, तुझ्या हक्काचे आहेत."

"नको रे."

फोन वाजला. ड्युएन बोलून परत आला तेव्हा कुठपर्यंत विचारून झालं होतं ते विसरला होता. हार्लनने जुनी गाडी मोडीत दिली आणि नव्या गाडीची किंमत पुरती मोजली.

पहिल्या गुरुवारी दोघं फार्गोला गेली. गाडी सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं, आणि हार्लन दर वेळी म्हणायचा, "बंद पडली." त्या दिवशी आर्डिस वाटेत गुणगुणत होती. ती सहसा गुणगुणत नसे.

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी लव्हॉन त्यांच्या टेबलाशी आली. "झकास केलंत, वेळेत घेतलीत," म्हणाली, आणि कप ओठाशी नेता नेता थांबली.

"हार्लन, पण तुला कर कुठे बसतो?"

"नाहीच बसत," हार्लन म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यापासून तुटपुंजी पेन्शन आणि सरकारी म्हातारपणाचा पगार यांवर तो असा काही बेताने राहत होता, की कराच्या रकान्यात दर साली शून्य येई. तो कागद तो फ्रिजवर लावून ठेवी.

"अरे देवा," लव्हॉन म्हणाली. "मग सवलत कशातून देणार ते? तुला जो कर बसेल त्यातून ती वजा होते. शून्यातून काय वजा करू मी?"

"म्हणजे ते चेक पाठवत नाहीत?"

"नाही रे बाबा."

हार्लनने केकचा तुकडा बशीत एका कडेला सारला. तो म्हणाला, "मग मला कर लाव."

"मी कोण लावणार? त्याला मिळकत लागते. आणि याच सालात लागते. गाडी ज्या वर्षी घेतली त्याच वर्षीच्या करातून सवलत."

पुढचे दोन दिवस हार्लन घरात विचार करत फिरत होता. मंगळवारी त्याने बीटच्या कारखान्याला फोन केला. ऑक्टोबर लागला की आमच्या खोऱ्यात साखरेचं बीट निघतं, आणि पाच-सहा आठवडे डोंगरएवढे ढीग रचायला मिळेल तो माणूस घेतात. निम्मे तर निवृत्त म्हातारेच असतात. लव्हॉनने आकडेमोड करून सांगितलं की बीटची मजुरी आली की पेन्शनवरही थोडा कर बसायला लागेल, आणि सगळी नाही तरी बरीचशी सवलत पदरात पडेल.

"म्हणजे नीट सांग मला," आर्डिस भांडी पुसत म्हणाली. "तू कामाला जाणार, पैसे मिळावेत म्हणून नाही, तर कर बसावा म्हणून."

"हो."

"आणि कर बसावा, तो माफ व्हावा म्हणून."

"हो."

"आणि घरात बसून राहिलास तर कर बसतच नाही."

"पण मग माफही होत नाही ना. तुझ्या लक्षात येत नाहीये आर्डिस."

आर्डिसने तेच ताट पुन्हा पुसलं.

हार्लन बीटच्या ढिगावर रुजू झाला. सकाळी सात ते संध्याकाळी सात, नारिंगी जाकीट घालून, ट्रकवाल्यांना हाताने पुढे-मागे करायची खूण करत उभं राहायचं. ढीग होता तीस मैलांवर, म्हणजे गाडी तो घेऊन जाणार. आणि बीटला वार नसतो. गुरुवारीही ट्रक येतात.

"एखाद-दुसरा गुरुवार चुकेल," तो म्हणाला होता. पण त्या वर्षी ऑक्टोबर ओला गेला. पाऊस पडला की चिखलामुळे काम थांबे, मग पुन्हा केव्हा बोलावतील त्याचा नेम नसे. ते रेडिओवर सांगत. म्हणून सुट्टीच्या दिवशीही हार्लन बूट घालून रेडिओपाशी बसे आणि गाडी दारात तोंड रस्त्याकडे करून उभी असे. काम लांबत गेलं. गाडीच्या आत इतका चिखल साठला, की तिच्यातही बीट लावता आलं असतं.

एक गुरुवार चुकला, मग दुसरा, मग तिसरा.

शेजारणींनी विचारलं नाही असं नाही. बर्निस म्हणाली, "मी सोडू का तुला फार्गोला?" आर्डिस म्हणाली, "छे, तू कशाला." बर्निस म्हणाली, "अगं, मला काही काम नाही." आर्डिस म्हणाली, "नको गं, दोरीच्या दाराने एवढ्या लांब." आणि ती तिसऱ्यांदा विचारील म्हणून थांबली, पण दाराचा विषय निघाल्यामुळे बर्निस जरा दुखावली होती. लव्हॉनने दोनदा विचारलं आणि तिचं कुत्रं सुटून रस्त्यावर पळालं. पास्टर रुबेनने चर्चच्या पायरीवर विचारलं, "मिसेस ट्वेटन, मी नेऊ का तुम्हाला?" ती म्हणाली, "नको, असू दे." तर तो म्हणाला, "बरं," आणि हसून निघून गेला. त्याने खरंच नको समजलं. टेक्ससमध्ये लोक कसे जगतात कोण जाणे.

चौथ्या गुरुवारी आर्डिसने वृद्धाश्रमात फोन केला.

"कशी आहे ती?"

"जेवतात बऱ्यापैकी," तिथली नर्स म्हणाली. तरुण मुलगी होती, बोलून गेली. "पण केसांना हात लावू देत नाहीत. आम्ही आंघोळीला नेलं की म्हणतात, उद्या गुरुवार आहे, उद्या आर्डिस करील. रोज उद्याच असतो त्यांचा."

आर्डिसने फोन ठेवला आणि संध्याकाळी हार्लनला हे शब्दही न बदलता सांगितलं. हार्लन बुटांचा चिखल खरवडत होता. त्याने खरवडणं थांबवलं.

"आठवडाभराचं राहिलंय," तो म्हणाला. "मग सवलत पक्की. मग दर गुरुवारी. तुझ्यासाठीच चाललंय ना हे?"

"माहीत आहे," आर्डिस म्हणाली. आणि ते खरंच तिला माहीत होतं, म्हणून तर काही बोलता येत नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बीट संपलं. त्याच संध्याकाळी चर्चमध्ये लुटफिस्कचं जेवण होतं. क्षाराच्या पाण्यात भिजवून थलथलीत केलेला तो वाळका मासा आमचे नॉर्वेहून आलेले पणजोबा गरिबीने खात, आणि आम्ही वर्षातून एकदा त्यांच्या आठवणीने खातो. कोणालाच आवडत नाही, पण सगळे दोनदा वाढून घेतात. हार्लन दमला होता, तरी ताठ बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या नावावर सणसणीत कर होता.

लव्हॉन समोर बसली होती. "जानेवारीत कागद घेऊन ये," ती म्हणाली. "मजुरीचा आणि गाडीचा. गाडी नवीच आहे ना? म्हणजे तूच पहिला मालक ना? सवलत पहिल्या मालकालाच आहे."

हार्लनचा काटा हवेत थांबला. ड्युएन शुल्झ पातळ केलेल्या लोण्याचं भांडं घेऊन वाढत होता, तो त्यांच्या टेबलाशीच पोचला होता.

"पहिला नाही," ड्युएन म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून तर त्याच्या दुकानात गर्दी कमी. "पहिलं चर्च. कागद चर्चच्या नावाने झाले होते. दहा-बारा दिवस का होईना."

"मग नाही मिळायची," लव्हॉन म्हणाली.

"काहीच?"

"काहीच नाही. कायद्याने तुझी गाडी जुनी झाली, हार्लन."

तळघरात दीडशे माणसं जेवत होती. कोणी मान वर केली नाही, पण चमच्यांचे आवाज बंद झाले. पास्टर रुबेन पलीकडच्या टेबलावरून उठून आला, त्याचा चेहरा त्या माशासारखा झाला होता.

"हार्लन, माझ्यामुळे झालं हे. मला कल्पना नव्हती—"

"काही हरकत नाही," हार्लन म्हणाला.

आमच्याकडे रागात याच्यापुढे फक्त गोळीबार उरतो.

"आणि तो कर?" त्याने लव्हॉनला विचारलं.

"तो बसणार की. तू मागितला होतास तेवढा."

घराच्या दारात गाडी थांबली, इंजिन बंद पडलं, आणि या वेळी हार्लनने ते बोलूनही दाखवलं नाही.

"विकायची," तो म्हणाला. "ठरलं होतं."

"बीटचे पैसे आले आहेत ना रे? कर भरूनही उरतील. सवलतीपेक्षा जास्तच उरतील."

"ते वेगळे. ते मी मिळवले. सवलत मिळाली नाही. सवलत नाही तर गाडी नाही, असं आपण ठरवलं होतं. बीटचं काही ठरलं नव्हतं." तो खाली उतरला आणि दार हलकेच लावून घेतलं. "महिन्यातून एकदा. ड्युएनला शुक्रवारी सांगतो, ही घे आणि एखादी स्वस्त जुनी दे."

मंगळवारी सकाळी पास्टर रुबेन आला. स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला. मधल्या दोन दिवसांत ड्युएनने त्याला बाजूला घेऊन इथली रीत सांगितली होती. इथे नाही म्हणजे नाही नसतं, तीनदा विचारावं लागतं. ते आधीच कोणी सांगितलं असतं तर, असं पास्टर म्हणाला. ड्युएन म्हणाला, असं कोणी सांगत नसतं.

"मिसेस ट्वेटन," पास्टरने सुरुवात केली. तो तीनदा विचारायच्या तयारीने आला होता, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. "झालं ते मला भरून देता येणार नाही, तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. पण दर गुरुवारी मी तुम्हाला व्हॅनने फार्गोला नेऊन आणीन. दर गुरुवारी. चालेल?"

"किती वाजता?" आर्डिस म्हणाली.

पास्टरचं तोंड पुढच्या विचारण्यासाठी उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. खुर्चीवर बसलेल्या हार्लनने वर पाहिलं. आर्डिसच्या आईने, आजीने, त्या आजीच्या आजीनेही असं उत्तर कधी दिलं नसेल.

"नऊ?" पास्टर म्हणाला.

"नऊला मी दारात असेन. आभारी आहे," आर्डिस म्हणाली, आणि कॉफी ओतायला वळली.

पास्टर गेल्यावर हार्लन म्हणाला, "असं कसं म्हणालीस?"

"मी काय म्हणाले?"

"दर गुरुवारी, आर्डिस. वर्षातले बावन्न. त्या माणसाचं पेट्रोल, त्याचा दिवस. हे फेडायचं कसं?"

"बघू."

"बघू काय? त्याच्या दारातलं बर्फ काढलं पाहिजे. आणि दर खेपेला एक ॲपल पाय भाजून द्यायचा म्हटलं, तरी तुला उन्हाळ्यातही भट्टी पेटती ठेवावी लागेल. आपल्या घरात आजवर कोणाचं काही राहिलेलं नाही."

"राहील थोडं," आर्डिस म्हणाली.

बुधवारी हार्लनला जेवण गेलं नाही. तो दोनदा गॅरेजमध्ये जाऊन आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा पाण्याचा आवाज येत होता आणि नंतर घासण्याचा. आर्डिस खिडकीपाशी बसून विणत राहिली.

गुरुवारी नऊला पास्टरची व्हॅन आली तेव्हा बारीक बर्फ भुरभुरत होतं. आतून काचेवर वाफ धरली होती आणि पास्टरने कोटावर आणखी एक कोट घातला होता. दारात हायब्रिड गाडी धुऊन पुसून उभी होती आणि स्टिअरिंगवर हार्लन बसला होता.

"पास्टर, तुम्ही घरी जा," तो काच खाली करून म्हणाला. "त्या व्हॅनमध्ये ही गारठून जाईल. मी नेतो."

"पण मी कबूल केलंय, हार्लन. निदान सोबत येतो."

"नको, तुम्ही कशाला त्रास घेता."

"त्रास कसला? येतो मी."

"नको हो, खरंच."

पास्टर दोन पावलं मागे गेला. मग थांबला. आठवलं असावं. तो पुन्हा खिडकीशी आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "हार्लन, मी येऊ का?"

हार्लनने समोरच्या सपाट पांढऱ्या शेतांकडे पाहिलं. तिथे लपायला एक झाडही नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "तुमची अडचण होत नसेल तर."

वृद्धाश्रमात पोचल्यावर हार्लन नेहमीप्रमाणे गाडीतच बसणार होता. पण पास्टर आत जायला निघाला आणि पाहुण्याला एकटं कसं सोडायचं, म्हणून हार्लनलाही जावं लागलं. व्हर्ना खिडकीपाशी शाल पांघरून बसली होती. तिचे पांढरे केस महिनाभराचे विसकटलेले होते. आर्डिसला पाहून तिने डोक्यावरचं हेअरनेट काढून मांडीवर ठेवलं आणि मान खाली केली. केस धुऊन झाल्यावर आर्डिस पिनांचा डबा उघडून मागे उभी राहिली.

दोघे पुरुष भिंतीशी टोप्या धरून उभे होते. व्हर्नाने शेजारचा बिस्किटांचा डबा उचलला आणि हार्लनपुढे धरला.

"घे."

"नको नको," हार्लन म्हणाला.

"घे रे, किती दुरून आलास."

"नको, आत्ताच खाऊन आलो."

"अरे घे म्हणते ना."

"बरं, तुमची अडचण होत नसेल तर," म्हणून हार्लनने एक बिस्किट घेतलं आणि उभ्या उभ्या संपवलं. व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. डबा उचलून तिने पुढे धरला.

"घे."

आर्डिसचा कंगवा थांबला. हार्लनने तिच्याकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे. तिच्या चेहऱ्यावर पाहुण्याला पहिल्यांदाच काही देणाऱ्या माणसाची उत्सुकता होती.

"नको नको," हार्लन म्हणाला.

केस वाळायला तासभर लागला. तेवढ्या वेळात डबा रिकामा झाला, आणि एकदाही हार्लनने तिसऱ्या विचारण्याच्या आधी हात पुढे केला नाही. पास्टर रुबेन तेवढा वेळ खिडकीबाहेर बर्फाकडे बघत होता आणि मधूनमधून नाक पुसत होता.

परतताना भर दुपारीच बर्फाच्या ढगांनी अंधारून आलं होतं. पन्नासेक मैल मागे पडले. मग हार्लन घसा खाकरून म्हणाला, "सगळा डबा संपवला मी तिचा."

"हो," आर्डिस म्हणाली.

"रिकामा ठेवून कसं चालेल? पुढच्या गुरुवारी भरून न्यायला हवा."

"नेऊ," आर्डिस म्हणाली. "पण ती पुन्हा देईल तुला."

पुढे रस्ता सरळ होता, नजर पोचेल तिथपर्यंत.

"मग काय करणार," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा जावं लागेल."